न धावता रनर्स नी

गुडघा दुखायला लागला की 'फार दुखतंय का?' असं कुणी विचारत नाही. विचारतात, 'कशाने झालं?' आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी पडले नव्हते, घसरले नव्हते, कुठला डोंगरही चढले नव्हते. खुर्चीतून उठले, एवढंच. "खुर्चीतून उठताना?" असं म्हणून समोरचा माणूस जो काही क्षण गप्प बसतो ना, तेवढ्यात माझं वय, वजन आणि आळस या तिन्हींचा हिशोब करून मोकळा होतो.

त्यात घरातच स्पर्धा. नवऱ्याचा गुडघा मानाचा आहे. कॉलेजात फुटबॉल खेळताना त्याचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, तुटलं आणि तेव्हापासून तो सामना दर वर्षी थोडा थोडा वाढतोय. आधी अंगावर एक डिफेंडर आला होता. आता दोन येतात, त्यातला एक सहा फुटी. लिगामेंट तुटतानाचा 'टक्' आवाज पूर्वी त्याला एकट्याला ऐकू आला होता, हल्ली प्रेक्षकांनाही ऐकू येतो. पाहुणे हळहळतात. माझ्या गुडघ्याबद्दल तेच पाहुणे म्हणतात, "आमच्या आईलाही असंच व्हायचं."

आपल्यालाही काहीतरी भारदस्त झालं असेल, या आशेने मी गुडघ्याच्या आजारांवर मिळेल ते वाचत सुटले. मोह पडावा असे एकेक आजार आहेत हो. 'हाउसमेड्स नी' गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्यांना होतो, वाटीच्या पुढची पाण्याची पिशवी सुजते. तो मला होणं शक्य नव्हतं, घरातल्या कुणीही तशी साक्ष दिली असती. वाटीच्या खालची पिशवी सुजली की तो 'क्लर्जीमन्स नी', प्रार्थनेला गुडघे टेकणाऱ्या पाद्र्यांचा. तोही बाद. गुडघ्याखाली टेंगूळ येणारा ऑसगुड-श्लाटर नावाचा एक आहे. १९०३ साली एका अमेरिकन आणि एका स्विस डॉक्टरने आपापल्या देशात त्याचं वर्णन केलं. पण तो वाढीच्या वयातल्या मुलांना होतो. आमच्या भाच्याला झालाय आणि त्या जोरावर तो पीटीच्या तासाला सावलीत बसतो.

मला खरा हेवा वाटला तो उंदराचा. सांध्यात हाडाचा किंवा कूर्चेचा एखादा तुकडा सुटतो आणि आतल्या आत फिरत राहतो. आज इथे हाताला लागतो, उद्या गायब. मधेच अडकला की गुडघा जागच्या जागी कुलूपबंद. डॉक्टर मंडळी त्याला चक्क सांध्यातला उंदीर म्हणतात. असा उंदीर आपल्या गुडघ्यात असता तर नवऱ्याच्या डिफेंडरांकडे कोण बघणार होतं? मी दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिलं. काही हललं नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. बाईंनी पाय सरळ करायला लावून वाटी इकडून तिकडे सरकवली, वरून दाबली आणि म्हणाल्या, "एका पायावर अर्धं खाली वाका बघू." मी वाकले. गुडघा आतल्या बाजूला कलला आणि करकर वाजला.

"ऐकलंत?" मी उत्साहाने विचारलं.

"आवाज येतो तेव्हा दुखतं?"

"नाही."

"मग वाजू दे."

पुढे विचारलं, जिना उतरताना दुखतं का. दुखतं. जिना वापरताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास दाब येतो, त्यामुळे मी तर कठड्याला धरून आडवी आडवी उतरते. बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर? दुखतं, सिनेमाला तर मध्यंतराच्या आधीच पाय लांब करावे लागतात. "याला सिनेमा बघणाऱ्यांचं लक्षणच म्हणतात," बाई म्हणाल्या. नवऱ्याला फुटबॉल आणि मला सिनेमा!

मी एमआरआयचा विषय काढला. ऑपरेशनसाठी मी अगदी गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. बाईंनी थंडपणे सांगितलं की २००८ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. पन्नाशी उलटलेल्या ज्या लोकांच्या गुडघ्यातली गादी एमआरआयमध्ये फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना महिनाभरात काहीही त्रास झालेला नव्हता. फोटोत काहीतरी सापडणार आणि ते दुखण्याचं कारण असेलच असं नाही. त्याच्याही आधी, २००२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गुडघ्याची झीज झालेल्या १८० रुग्णांवर एक प्रयोग केला. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून खरी साफसफाई केली. काहींच्या कातडीवर नुसते छेद दिले आणि रुग्णाला खरं वाटावं म्हणून पाणी उडवल्याचा आवाजही काढला. दोन वर्षांनी पाहिलं तर खोट्या ऑपरेशनवाल्यांना खऱ्याइतकंच बरं वाटत होतं. पाणी उडवायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याने ते मन लावून केलं असणार.

"तुम्हाला पटेलोफिमोरल पेन आहे. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू कमकुवत झालेत, त्याचा ताण वाटीवर येतो. व्यायाम करा." म्हणजे पुन्हा आळसच. मी हिरमुसून दारापर्यंत पोचले, तेवढ्यात बाई सहज म्हणाल्या, "रनर्स नी म्हणतात ना, तेच हे."

त्यानंतर 'कशाने झालं?' या प्रश्नाची मी वाट बघायला लागले. "रनर्स नी," मी किंचित उसासा टाकून सांगायचे. पाहुणे सरसावून बसायचे. मी खोटं काहीच बोलत नव्हते. मी धावते का, असं कुणी विचारलंच नाही.

फिजिओकडे नवरा सोडायला आला आणि मी पाय सरळ उचलून धरलेला असताना त्याने सामना सुरू केला. दोन्ही डिफेंडर आले. फिजिओ मान वर न करता म्हणाली, "बहुतेक एसीएल कुणीही न धडकता तुटतात, सर. पाय जमिनीत रोवलेला, अंग वळतं, झालं. तुमच्या अंगावर नक्की आलं होतं ना कुणी?"

बराच वेळ माझे आकडे मोजण्यापलीकडे कुणी काही बोललं नाही.

"जवळपास होता एक जण," नवरा म्हणाला.

घरातला तोल असा छान सावरत होता, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना बातमी लागली. काका रोज पहाटे धावतात. "रनर्स नी? अहो, मग बोलायचं ना आधी! किती किलोमीटर होतं रोजचं?"

"सध्या बंद आहे," मी म्हटलं.

"मलाही झाला होता. बऱ्या झालात की आमच्याबरोबर चला. रविवारी, साडेपाचला." आणि माझा नंबर त्यांनी त्यांच्या ग्रुपमध्ये टाकूनही दिला. तिथे माझं स्वागत झालं, बुटांबद्दल सल्ले आले.

फिजिओ म्हणते, प्रगती उत्तम आहे. घाई करू नका, असं मीच तिला सांगते. काका जिन्यात भेटले की आधी गुडघ्याकडे बघतात, मग माझ्याकडे. त्यांची चाहूल लागली की मी थोडी लंगडायला लागते. नवरा म्हणतो, चुकीच्या पायाने.