ओझेम्पिकने उंदरांना कॅन्सर झाला हे खरंय, पण पुढचं?

"ओझेम्पिकच्या टेस्टमध्ये उंदरांना थायरॉइड कॅन्सर झाला, कंपनीने दाबलं, आता माणसांचा नंबर" हा फॉरवर्ड परत फिरतोय. ओझेम्पिक म्हणजे डायबेटीसचं, वजन कमी करायलाही घेतलं जाणारं इंजेक्शन. अर्धं खरंय, म्हणून तर लोकांना पटतं.

दाबलं म्हणे! अहो, अमेरिकेत 2017 ला मंजुरी मिळाली तेव्हापासून माहितीपत्रकात सगळ्यात वर काळ्या चौकटीत हेच छापलंय, आणि खाली हेही की स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडमधल्या सी पेशींचा) झाला असेल तर हे इंजेक्शन घ्यायचंच नाही. हे वाक्य फॉरवर्डमध्ये बरोबर गाळलंय.

आता उंदीर. "भरमसाट डोस दिला म्हणून झालं" असं म्हणणारेही चूकच, कारण माणसाच्या रक्तात असतं साधारण तेवढ्या प्रमाणातही गाठी झाल्या. पण त्या झाल्या सी पेशींत, ज्या कॅल्सिटोनिन नावाचं हार्मोन बनवतात, आणि ओझेम्पिक ज्या जीएलपी-1 हार्मोनची नक्कल करतं त्याचे रिसेप्टर (ते हार्मोन जिथे चिकटतं त्या जागा) उंदरांच्या सी पेशींवर भरपूर असतात, आपल्याकडे फारच कमी. त्यामुळे उंदरात कॅल्सिटोनिन वाढतं, पेशी वाढत जातात, शेवटी गाठ. माकडांना 52 आठवडे देऊन बघितलं, तिथे हे दिसलं नाही.

आणि माणसांचं? 2023 मध्ये या गटातल्या औषधांच्या एका फ्रेंच अभ्यासात धोका वाढलेला दिसला, मग युरोपच्या औषध नियामकाने सगळा डेटा तपासला आणि औषधामुळेच होतं असं म्हणायला पुरावा नाही म्हणाले. 2024 मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमधल्या अशी औषधं घेणाऱ्या साधारण 1 लाख 45 हजार लोकांच्या नोंदी आल्या, त्यातही खास वाढ नाही. सरासरी चारेक वर्षांचीच नोंद आहे, कॅन्सरसाठी हा काळ थोडाच, हे मान्य.

म्हणून "उंदरांच्या टेस्ट फालतू" असंही नाही हां. लॉर्कासेरिन नावाची भूक मारायची गोळी 2010 मध्ये उंदरांतल्या गाठींमुळेच अडली, 2012 ला पास झाली, आणि 2020 ला बाजारातून गेली कारण 12 हजार लोकांच्या ट्रायलमध्ये गोळीवाल्यांत कॅन्सर 7.7 टक्के निघाला, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत 7.1. उंदरांत गाठी मुख्यतः स्तनाच्या होत्या, माणसांत जास्त दिसले ते स्वादुपिंड, आतडं, फुप्फुसाचे.

शिवाय उंदरांत सगळंच दिसतं असंही नाही, उंदराला उलटीच होत नाही! मळमळतंय का हे बघायला पिंजऱ्यात केओलिन माती ठेवतात आणि किती खाल्ली ते वजन करून बघतात. ओझेम्पिकवाल्यांची रोजची तक्रार मात्र मळमळ-उलटीचीच, त्यावर फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.