पंधरावा राउंड अन् रात्रीची लाईन

बॉक्सिंगचे सिनेमे एकामागून एक पाहावेत आणि त्यांतला सरस कोणता ते निवांत ठरवावं, एवढीच माझी हौस. मोठ्या शहरात ती बिनबोभाट भागत असेल. मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात मात्र वाड्यातला मोठा टीव्ही माझ्याकडे आहे आणि त्याच्यापुढची पहिली खुर्ची मोठेबाबांची आहे.

मोठेबाबा जुने पहिलवान. त्यांनी गावोगावच्या कुस्त्यांच्या दंगली गाजवलेल्या. "हाताले गादी बांधून मारते, थे काय मारनं होय?" हे त्यांचं बॉक्सिंगबद्दलचं मत, आणि तरी ते एकही सिनेमा चुकवत नाहीत. त्यांच्यामागे पोलीस भरतीची तयारी करणारा पुतण्या, शेजारचे दोघं-तिघं ओलितवाले, आणि स्वयंपाकघराच्या दारात, 'मी पाहतच नाही' असं दाखवत उभी असलेली आमची बायको.

खरा घोळ हिवाळ्यात होतो. हरभरा-गव्हाला पाणी द्यायचं असतं आणि शेतातली थ्री फेज लाईन रात्रीच्या पाळीत येते. जेवणं आटोपून आम्ही साडेआठला सिनेमा लावतो. बॉक्सिंगचा सिनेमा कोणत्याही देशातला असो, मोठी लढत शेवटच्या वीस मिनिटांतच ठेवायची असा त्या लोकांचा नियम दिसतो. म्हणजे नायक रक्तबंबाळ होऊन कोपऱ्यात बसला, की इकडे साडेदहा वाजतात आणि गल्लीतून आरोळी येते, "लाईन आली रेऽऽ!" की चपला, टॉर्च, मफलर घेऊन सगळे पसार. मोटर वेळेवर सुरू केली नाही तर अर्धं वावर कोरडं राहतं. नायक पडला तर तो निदान उठतो तरी.

त्यामुळे १९७६ चा 'रॉकी' कसा संपतो यावर पानठेल्यावर दोन पार्ट्या पडल्या. एका पार्टीचं म्हणणं, ज्यानं सिनेमा लिहिला तोच त्यात हिरो असताना तो हरेलच कसा? सिल्व्हेस्टर स्टॅलोननं तो स्वतः लिहिला आहे, हे मीच सांगून बसलो होतो. मी म्हटलं, हरतो, पंधराही राउंड उभा राहतो आणि गुणांवर हरतो. कोणी मानेना. शेवटी एका रविवारी दुपारी तेवढाच तुकडा लावला. तिथं तर दिग्दर्शकानं आमच्याशी दावाच साधलेला. निकाल पुकारला जातो त्या वेळी रॉकी प्रेयसीच्या नावानं "एड्रियन, एड्रियन" करत सुटलेला असतो, आणि त्या गोंगाटात कोण जिंकलं ते धड ऐकूच येत नाही.

"थ्याले निकालाचं काही पडलंच नाई," पुतण्या म्हणाला.

"थ्याले नसन पडलं, मले पडलं," मोठेबाबा म्हणाले. तिघांपैकी दोन पंचांनी दुसऱ्याला जास्त गुण दिले, असं समजावल्यावर ते भडकलेच. कुस्ती एकतर निकाली होते, नाहीतर बरोबरीत सुटते. "ना चीत, ना पट. तीन मानसं बाहीर बसते, कागदावर लिव्हते अन् सांगते का थो हारला! हे तं पैसेवारी झाली बे!"

यावर काही बोलायची सोय नव्हती. पीक डोळ्यांदेखत गेलेलं असतं, आणि सरकारी कागदावर पिकाची पैसेवारी पन्नासच्या वर निघते, म्हणजे दुष्काळ नाही. त्या दिवसापासून रॉकी आमच्या गावचा झाला. पुढच्या भागांत तो जिंकायला लागतो तसतशी आमची गर्दी पातळ होत गेली. चौथ्या भागात तो रशियात जाऊन तिथल्या धिप्पाड गड्याला लोळवतो, तेव्हा टीव्हीपुढे पुतण्या आणि मांजर उरले होते. मलाही जिंकणारा रॉकी कंटाळवाणाच वाटतो.

'रेजिंग बुल', जेक लामोटा या खऱ्याखुऱ्या बॉक्सरची गोष्ट, माझा सगळ्यांत आवडता, म्हणून तो मी जपून लावला. पहिला प्रश्न आला, "टीवीचा रंग गेला काय?" १९८० साली रंगीत फिल्म असताना मुद्दाम काळापांढरा काढलाय, हे पटवण्यात दोन लढती निघून गेल्या. रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत वापरलं, हे सांगितलं तर बायको दारातूनच म्हणाली, "मग धुणं सोपं." ठोशांच्या आवाजासाठी टरबुजं आणि टमाटे फोडले होते, हे ऐकून शेजारी उसळला, "टमाट्याले भाव नसला का आमीबी फोडतो. आमच्या इथून न्या लागत होते!" एवढी रसभंगाची हमी मला दुसरीकडे कुठे मिळाली नसती.

पण मोठेबाबा हळूहळू पुढे सरकून बसले. म्हातारा जेक लामोटा दाखवण्यासाठी रॉबर्ट डी निरोनं साधारण सत्तावीस किलो वजन वाढवलं, त्यासाठी शूटिंग काही महिने थांबवलं आणि तो इटली-फ्रान्समध्ये खात फिरला, या गोष्टीवर त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. काय खाल्लं? किती वेळा? दूध होतं का? मग लामोटा ठरवून हरतो ती लढत आली, तेव्हा ते नुसतेच "हं" म्हणाले. त्या "हं"मागे कोणती दंगल होती, हे विचारायची छाती कोणाचीच झाली नाही. आणि १९५१ ची शुगर रे रॉबिन्सनबरोबरची लढत: तेराव्या राउंडला पंच थांबवतो, लामोटाचं तोंड ओळखू येत नाही, पण गडी दोरखंडाला धरून उभाच. मोठेबाबांनी मांडीवर थाप मारली, "पाठ नाई लागली!" एवढं अचूक परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

बाकीच्यांची मापं वेगळी. पुतण्या 'मुक्काबाज' पाहून एकच विचारतो, "काका, नोकरी लागते का?" लागते, रेल्वेत, खेळाडूंच्या कोट्यातून, पण साहेब भलतीच कामं सांगतो. तो खट्टू झाला. 'मेरी कोम' बायकोनं दारातून आत येऊन, चक्क बसून पाहिला. त्यातला नवरा घरी जुळी पोरं सांभाळतो, बायको रिंगणात उतरते. त्यानंतर आठवडाभर माझ्या प्रत्येक हालचालीची त्या नवऱ्याशी तुलना झाली आणि मी गुणांवर हरत राहिलो. 'सारपट्टा परंबराई' जवळजवळ तीन तासांचा आणि तमिळ; खालच्या पाट्या मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे. त्यातला डान्सिंग रोझ नावाचा बॉक्सर नाचत ठोसे चुकवायला लागला तेव्हा सगळे मला म्हणाले, "आता चूप बसा, भाऊ."

लाईनवर मोठेबाबांनीच तोड काढली. साडेआठला आधी शेवटचा राउंड लावायचा, निकाल पाहायचा, मग सिनेमा पहिल्यापासून. लाईन केव्हाही येवो.

ही युक्ती 'मिलियन डॉलर बेबी'पर्यंत झकास चालली. २००४ चा, क्लिंट ईस्टवुडचा. लावला शेवट, तर रिंगण नाहीच. दवाखान्याची खाट, नळ्या, आणि खाटेशेजारी म्हातारा.

"हे बॉक्सिंगचं होय का दवाखान्याचं?"

"बॉक्सिंगचंच."

"मंग इले मारलं कोनं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर बायकोनं दटावलं, "तुम्ही सांगू नका, पहिल्यापासून लावा." लावला. साडेदहाला गल्लीत आरोळी झाली. खुर्चीवरून कोणी हाललं नाही. मोठेबाबांनी नजर न हलवता टॉर्च माझ्यापुढे धरला.

"तुह्या तं पाह्यलेला हाय. जाय, आपली मोटर लाव. अन् येता येता या तिघायचीबी लावून ये."