एअर वन सरकारी पैशावर चालत नाही, त्या फिरत्या मेसेजला उत्तर

अमेरिकेतल्या एअर वन या वर्शिप, म्हणजे ख्रिस्ती उपासनेची गाणी लावणाऱ्या रेडिओबद्दल एक मेसेज बरेच दिवस ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्यात म्हटलंय की हे स्टेशन एका बड्या चर्चने पहिल्यापासून वर्शिपसाठीच काढलं, ते सरकारी पैशावर चालतं, न्यूयॉर्कचं डब्ल्यूपीएलजे हे जुनं रेडिओ स्टेशन सरकारने बंद पाडून एअर वनच्या मालकांना फुकट दिलं, एअर वनमध्ये माणसं नाहीतच, सगळं कॉम्प्युटरवर वाजतं, आणि मालक कोण ते लपवलंय. मला हे संगीत मनापासून आवडतं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी बड्या चर्चचं बघू. एअर वनची सुरुवात 1986 मध्ये कॅलिफोर्नियातल्या युकायपा नावाच्या छोट्या शहरात झाली, केएलआरडी नावाचं एक स्टेशन, 90.1 एफएम, बस एवढंच. पुढे सॅटेलाइटवरून तेच प्रक्षेपण दुसऱ्या गावांत जायला लागलं आणि एअर वन हे नाव आलं. 1999 मध्ये ते एज्युकेशनल मीडिया फाउंडेशनकडे, म्हणजे ईएमएफकडे गेलं. ही ना-नफा संस्थासुद्धा 1982 साली सांता रोझामध्ये 91.9 वर सुरू झालेल्या एका स्टेशनातूनच वाढलीये, तेच आजचं के-लव्ह, ईएमएफचं दुसरं रेडिओ नेटवर्क. कुठल्याही एका चर्चची किंवा पंथाची मालकी त्यावर नाही.

आणि पहिल्यापासून वर्शिप? अजिबात नाही. एअर वन वर्शिपकडे वळलं जानेवारी 2019 मध्ये. त्याआधी तिथे स्किलेट, स्विचफुट असले ख्रिस्ती रॉक बँड वाजायचे, जोरदार गिटार, तरुण पोरांचं स्टेशन होतं ते. देवाविषयीचं, विश्वासाविषयीचं गाणं वेगळं आणि रविवारी चर्चमध्ये अख्खी मंडळी उभी राहून थेट देवाला उद्देशून जे गाते ते वेगळं, आणि 2019 मध्ये या स्टेशनने पहिलं बरंचसं सोडून दुसरं धरलं. रॉक ऐकणाऱ्यांचं हक्काचं ठिकाण गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं, पण मेसेजवाल्याला हा इतिहास माहीतच नाही, तो म्हणतो हे असंच जन्माला आलं.

आता पैसा. अमेरिकेत एफएमवर 88 ते 92 मेगाहर्ट्झ हा पट्टा बिगर-व्यावसायिक स्टेशनांसाठी राखीव आहे, 88.1 पासून 91.9 पर्यंत 20 चॅनल. बिगर-व्यावसायिक लायसन्सवर जाहिरात करता येत नाही. प्रायोजकाचं नाव घेता येतं, पण किंमत सांगणं किंवा "आजच घ्या" म्हणणं चालत नाही. म्हणून ही स्टेशनं श्रोत्यांकडे देणगी मागतात, दरमहा थोडी थोडी, आणि वर्षातून काही दिवस तर गाणी थांबवून थांबवून मागतात (ते ऐकायला कंटाळा येतो, मान्य). सार्वजनिक रेडिओला कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगमार्फत जो सरकारी निधी मिळायचा, त्याच्या नियमातच होतं की विशिष्ट धर्माचा प्रसार करणाऱ्या स्टेशनाला तो द्यायचा नाही. हां, ना-नफा असल्यामुळे आयकर लागत नाही आणि एफसीसीची, म्हणजे रेडिओला लायसन्स देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेची, वार्षिक फीसुद्धा माफ आहे. ही सवलत खरी आहे, पण ती विद्यापीठांच्या स्टेशनांनाही आहे.

डब्ल्यूपीएलजेची गोष्ट तर सरळ सरळ उलटी सांगितलीये. ते होतं क्युम्युलस या खासगी कंपनीचं. ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून बाहेर आली होती, आणि 2019 मध्ये तिने डब्ल्यूपीएलजे धरून सहा स्टेशनं ईएमएफला 10 कोटी 35 लाख डॉलरला विकली. 31 मे 2019 ला संध्याकाळी 7 वाजता जुनं स्टेशन संपलं आणि 95.5 वर के-लव्ह आलं, एअर वन नव्हे. फुकट कुठे? 95.5 राखीव पट्ट्याच्या बाहेर आहे, तिथे बाजारभावच मोजावा लागतो. ज्यांचं लहानपण त्या स्टेशनवर गेलं त्यांचा राग मी समजू शकते, पण विकणारा कोण होता तेही बघा ना.

राहिला शेवटचा मुद्दा, माणसं नाहीत. निवेदक आहेत, पण एका ठिकाणी बसून देशभरासाठी बोलतात, आणि इथे मेसेजवाल्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. गावोगावी असतो तो बऱ्याचदा नुसता ट्रान्सलेटर, म्हणजे मोठ्या स्टेशनचा सिग्नल घेऊन दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर फेकणारं जास्तीत जास्त 250 वॉटचं यंत्र. पूर्ण ताकदीच्या स्टेशनाला गावात किंवा जवळपास स्टुडिओ ठेवायचा नियम होता, ना-नफा नेटवर्कांना त्यातून सूट मिळायचीच, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये एफसीसीने तो नियमच काढून टाकला, सगळ्यांसाठी, व्यावसायिक कंपन्यांसाठीही. पूर आला, रस्ता बंद झाला तर रेडिओवर आपल्या गावाचं कोण सांगणार, ही काळजी मलाही वाटते, आणि ती एफसीसीला विचारायला हवी, एकट्या एअर वनला नाही.

आणि मालक लपवलाय वगैरे जे लिहिलंय त्यासाठी एक करा. स्टेशनला दर तासाच्या ठोक्याला कॉल साइन (केएलआरडीसारखी ओळखीची अक्षरं) आणि लायसन्सचं गाव सांगावंच लागतं, ते नीट ऐका आणि ती अक्षरं एफसीसीच्या साइटवर टाका. लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते तिथे कुणालाही वाचता येतं.