झोळ नेमका कुठे पडतो? सेंच्युरियनवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मी जोडत असलेल्या सेंच्युरियन रणगाड्याच्या मॉडेलच्या फोटोंवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा चष्मा लावून माझेच फोटो पुन्हा पाहिले. तुमचे आक्षेप तीन. सेंच्युरियनचा टरेट, म्हणजे वरचा तोफेचा फिरता भाग, मी साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत केला, चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांना झोळ नाही (ते कुठे सैल लोंबत नाहीत), आणि टरेटच्या जोडातली फट माझ्या हातची असताना खापर मी किटवर (मॉडेलच्या सुट्या भागांच्या संचावर) फोडलं.

टरेटचं आधी, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. खऱ्या सेंच्युरियनच्या टरेटच्या बाजू ओतीव पोलादाच्या, म्हणून अंग खरबरीत. छत मात्र वेल्ड केलेल्या सपाट पत्र्याचं. किटमध्ये तो खरबरीतपणा होता. फट भरायला पुट्टी लावली, ती घासताना सँडपेपर जोड सोडून इकडेतिकडे फिरला आणि सगळं सपाट. मला करायचा आहे तो पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा 'फामागुस्ता', १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपाल ज्यात होते तो. खेत्रपालांचा जन्म पुण्यातला. त्यांच्या रणगाड्याला साबणाची वडी केलेली मलाही चालणार नाही.

आता तो खरबरीतपणा परत आणतोय. पुट्टी थिनरमध्ये दह्याइतकी सैल करायची, जुन्या ब्रशचे केस आखूड कापायचे आणि ब्रश न ओढता नुसतं टोचत जायचं. १:३५ प्रमाणाच्या मॉडेलवर एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर. दाणा जरा मोठा पडला की टरेटला देवी आल्यासारख्या दिसतात. पहिल्या प्रयत्नात तेच झालं, घासून काढावं लागलं.

फटीचंही कबूल करतो, पण अर्धंच. फोटो मोठा केला तर टरेटच्या खालच्या भागाच्या मागच्या कडेला गेटचा (सुटा भाग ज्या देठाने चौकटीला जोडलेला असतो त्याचा) खुंट तसाच राहिलेला दिसतो. निपरने कापला, सपाट करायचा राहिला, आणि तेवढ्याने वरचा भाग उचलला गेला. सुटे भाग आधी बिनगोंदाचे बसवून पाहा, असं इतरांना सांगणारा मीच! पण ज्या बाजूला खुंट नव्हता तिथेही ब्लेडचं पातं आरामात शिरत होतं. ती फट माझी नव्हे.

पट्ट्यांवर मात्र मी मागे हटणार नाही. तुमच्या डोळ्यांपुढे जो झोळ आहे तो टी-५५ या सोव्हिएत रणगाड्याचा. त्याला रिटर्न रोलर (वरचा पट्टा उचलून धरणारी छोटी चाकं) नसतात, वरचा पट्टा थेट चाकांवर लोळतो आणि दोन चाकांमध्ये खाली बसतो. सेंच्युरियनचं तसं नाही. प्रत्येक बाजूला सहा रोडव्हील (रणगाड्याचा भार घेणारी खालची मोठी चाकं), दोन-दोनच्या तीन जोड्यांत हॉर्स्टमन नावाच्या स्प्रिंगच्या सस्पेन्शनवर, आणि वर रिटर्न रोलरची रांग. पट्टा त्या रोलरवरून जातो, त्यामुळे झोळ पडतो तो दोन रोलरच्या मध्ये, मॉडेलवर जेमतेम दिसेल एवढा, तोही बाजूच्या पत्र्यांमागे. पुढे आयडलर या टोकाच्या मोकळ्या चाकापाशी किंचित दिसायला हवा आणि तो मी दिला आहे. पट्ट्याच्या वीस-वीस कड्या जोडल्या, अर्ध्या तासाने गोंद पुरता सुकायच्या आत चाकांवर गुंडाळल्या, आणि दोन रोलरच्या मध्ये पट्टा खाली बसावा म्हणून वरून कापसाचे बोळे दाबून रात्रभर ठेवले. तिसऱ्या फोटोत डावीकडे बघा.

गंमत म्हणजे पुढच्याच ओळीत तुम्ही विचारता, पत्र्यांआड काही दिसणारच नाही तर एकेक कडी जोडायचा उद्योग कशाला? म्हणजे झोळ नाही हीही तक्रार आणि दिसत नाही हीही! रबरी पट्टा पाच मिनिटांत चढला असता, मान्य. पण रात्री जेवणं झाल्यावर दहा कड्या घ्यायच्या, प्रत्येकीचे चार गेट घासायचे, यात माझं डोकं शांत राहतं. घरी विचारणा होते की गवार निवडताना ही निगुती कुठे जाते. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तोफेच्या बुडाशी मँटलेटवर (तोफेभोवतीच्या ढालीवर) जे कॅनव्हासचं आवरण असतं, ते अजून करायचं आहे. नगरच्या रणगाडा संग्रहालयात तुम्ही जाऊन आलात असं लिहिलंय. तिथल्या सेंच्युरियनचा जवळून काढलेला फोटो असेल तर पाठवा. घड्या कुठे पडतात ते पाहिल्याशिवाय या वेळी पुट्टीला हात लावणार नाही.