दहावीचा पीटीचा तास

सतरा वर्षं मी एका दुष्काळी तालुक्यातल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवते, आणि त्यातली बरीच वर्षं दहावीचा पीटीचा तास मी गणितासाठी मागून घेतला आहे. शारीरिक शिक्षणाचे सर निवृत्त झाले, पट कमी म्हणून त्यांची जागा भरली नाही. तास वेळापत्रकात तेवढा राहिला. ज्याचा अभ्यासक्रम मागे पडला त्याने तो घ्यायचा, अशी रीतच पडून गेली. माझं चुकलं, हे मला उशिरा कळलं.

गेल्या वर्षी 15 जानेवारीला, खाशाबा जाधवांच्या जयंतीला, शाळेत राज्य क्रीडा दिन होता. नववीच्या 31 मुलींपैकी मैदानात उतरल्या चौघी. बाकीच्या पायऱ्यांवर बसून होत्या. मी एकेकीजवळ जाऊन बसले. कुणाकडे चपलेशिवाय काही नव्हतं. कुणी ओढणी सांभाळत पळायला लाजत होती. एकीची पाळी चालू होती आणि बाथरूमला पाणी नव्हतं. शेवटी एक जण हळूच म्हणाली, "मॅडम, सकाळपासून काय खाल्लं नाही. पळलं की डोळ्यांपुढं अंधारी येते."

शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. ती मुलगी आदल्या वर्षापर्यंत शाळेत खिचडी खात होती. आता तिचा सातवीतला भाऊ व्हरांड्यात जेवतो आणि ही वर्गात बसते. वाढीचं वय तर तिचंही चालूच आहे ना? ज्या वर्षी भूक वाढते त्याच वर्षी ताट थांबतं. महाराष्ट्रात 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. अशा मुलींना नुसती शिट्टी वाजवून पळायला लावणं मला क्रूर वाटतं.

पालकांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. एक आई मला म्हणाली, "पहाटे उठून दोन खेपा पाणी आणती ती, आल्यावर भाकरी थापती. आणखी कसला व्यायाम लावता तिला?" मला लगेच उत्तर सुचलं नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती. पण घागर वाहणारी मुलगी एकाच अंगाने झुकत जाते, दमते आणि गप्प होते. तीच मुलगी खो-खोत खो देऊन उठवल्यावर दोन्ही बाजूंचा अंदाज घेते, ओरडते, पडते, हसते. कष्टाने अंग झिजतं, खेळाने ते तिचं स्वतःचं होतं. पाण्याच्या खेपा मोजून मुलींचं खेळणं झालं असं धरणं मला मान्य नाही.

जागतिक आरोग्य संघटना या वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी असं सांगते. 2016 च्या जागतिक आकडेवारीनुसार 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं तेवढी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण 85 टक्के होतं.

आपल्याकडे शाळेचा खेळ म्हणजे स्पर्धेचा संघ. तालुक्याला जाणारी तीच दहा-बारा मुलं, सराव त्यांचाच, सवलतीचे गुणही त्यांनाच. भाषणात सावरपाड्याच्या कविता राऊत आणि माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर यांची नावं येतात. एकीने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक आणलं, दुसरी 2016 ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. मला दोघींचा फार अभिमान आहे. पण ज्या मुली पदक आणणार नाहीत, त्यांच्याही फुप्फुसांना वारा लागायला हवा.

त्या क्रीडा दिनानंतर चारच दिवसांनी, दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. सोमवारी मुली आपसात त्यावरच बोलत होत्या. तिथून मला धीर आला.

जूनमध्ये त्याच मुली दहावीत आल्या. या वेळी मी तास मागितला नाही. मुख्याध्यापकांना सांगून तो शेवटून उचलून दुसरा करून घेतला. खो-खोसाठी दोन खांब रोवले, फक्कीने 27 बाय 16 मीटरचं मैदान आखलं. निवड नाही, राखीव कुणी नाही, सगळ्या आळीपाळीने खेळतात. गावातला बचत गट शेंगदाणा-गुळाचे लाडू देतो. तासाआधी प्रत्येकीला एक. पहिल्या आठवड्यात 11 जणी आल्या, दिवाळीनंतर 26. दोघींना घरून परवानगी नाही. एकीला सारखा दम लागायचा म्हणून तपासायला पाठवलं, तर हिमोग्लोबिन आठच्या खाली निघालं. तिच्या गोळ्या चालू आहेत, सध्या ती गुण लिहिते.

पण बचत गटाच्या जिवावर हे किती दिवस चालणार? शिक्षण हक्क कायद्यात मैदान आहे, सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशकही आहे. नववीला पाऊल टाकलं की त्या कायद्याचा हात सुटतो. पोषण आहार दहावीपर्यंत न्या. पट कमी असेल तर जवळच्या तीन हायस्कुलांना मिळून एक पूर्णवेळ शिक्षक द्या. आणि खेळाच्या साहित्याच्या पेट्या पाठवण्याआधी मुलींच्या बाथरूममध्ये पाणी आणा. आमच्याकडे पेटी आली होती, बरीच वर्षं कपाटात कुलूपबंद होती.

तुमच्या गावच्या हायस्कुलात दहावीचा पीटीचा तास खरंच होतो का, एवढं विचारून मला खाली लिहा. शाळेत नका विचारू, घरी आलेल्या मुलीला विचारा.