पांढरी संपली, काळी चालेल?

कारखान्याचं प्लॅनिंग बिघडवायचं असेल तर सगळ्यात आधी, पुढे किती माल लागेल याचा आकडा एकच ठेवायच्या फंदात पडू नका. आकडा एक झाला की त्याला कुणीतरी ‘हा माझा’ म्हणावं लागतं, आणि मग तो चुकला की त्याच माणसाला बोलावतात. त्यापेक्षा विक्रीचा आकडा वेगळा ठेवा, प्रॉडक्शनचा वेगळा, खरेदीचा वेगळा, आणि अकाउंट्सने बँकेला दिलेला तर कुणाला दाखवूच नका. चारही आकडे चार लॅपटॉपवर राहू द्या, फाइलचं नाव मात्र सगळीकडे ‘फायनल’ ठेवा. फायनल नवी, फायनल खरी, फायनल पात्रांवांनी (म्हणजे मालकांनी) बघितलेली, हे पुढचे अवतार आपोआप जन्म घेतात.

मी गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या खुर्च्या करणाऱ्या कारखान्यात काही वर्षं प्लॅनिंग बघत होतो, तेव्हा हे सगळं स्वतः करून झालेलं आहे. विक्री आणि उत्पादन यांचा मेळ घालायची एक मासिक पद्धत असते, एस अँड ओपी, म्हणजे सेल्स अँड ऑपरेशन्स प्लॅनिंग, म्हणतात तिला. अमेरिकेत १९८०च्या दशकात ती रुजली. आधी मागणीचा अंदाज घ्यायचा, मग मशीन, माणसं आणि कच्चा माल किती पुरेल ते बघायचं, दोन्हींत जी फट दिसेल तिच्यावर भांडायचं आणि शेवटी मालकाने निर्णय द्यायचा. एवढंच. इतकी सोपी गोष्ट बिघडवायची म्हणजे सगळ्या खात्यांचा हातभार लागतो.

सुरुवात सेल्सपासून करा. त्यांच्याकडे अंदाज मागा आणि ते देतील ते टार्गेट मुकाट्याने घ्या. पात्रांव एप्रिलमध्ये ‘औंदा वीस टक्के वाढ’ म्हणालेले असतात. त्याला बाराने भागलं की झाला तुमचा अंदाज. लोक काय घेतील आणि आपल्याला काय विकायला आवडेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं कुणी म्हणू लागला, तर त्याला ‘निगेटिव्ह’ म्हणा. शब्द चांगला आहे, एकदा चिकटला की माणूस वर्षभर बोलत नाही.

मग म्हापशाचा डीलर पाचशे खुर्च्या मागतो. सेल्सवाला आठशे लिहितो, कारण प्रॉडक्शन कापणारच. प्रॉडक्शनवाला सहाशे धरतो, कारण सेल्स फुगवणारच. खरेदीवाला दोन हजार खुर्च्यांना पुरतील एवढे प्लास्टिकचे दाणे मागवतो, कारण मोठी गाडी भरली की भाव उतरतो. आणि डीलरने मुळात साडेतीनशेच मागायच्या होत्या, पण हे लोक कधी पूर्ण माल देत नाहीत हे त्याला ठाऊक, म्हणून पाचशे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली हे गणित मांडून ठेवलं आहे: गिऱ्हाईक जरासं हललं की कारखान्यापर्यंत त्याचं वादळ होतं. चाबकाची मूठ हलवली की टोक जसं उसळतं तसं, म्हणून पुढे त्याला बुलव्हिप असंच नाव पडलं. एमआयटीत हे शिकवायला ‘बिअर गेम’ नावाचा खेळ खेळवतात. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला चार खोक्यांवरून एकदाच आठवर जाते आणि तिथेच राहते, तरी दुकानदार, ठोक व्यापारी, वितरक आणि कारखाना मिळून आपापल्या डोक्याने हाहाकार माजवतात. गोव्यात हा खेळ रुजला नाही, कारण त्यात बिअर प्यायला मिळत नाही.

आता कॅलेंडर. त्याकडे बघूच नका. ‘गेल्या वर्षीचा ऑगस्ट अधिक दहा टक्के’ हे सूत्र भिंतीवर लावा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २०२४ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ला २७ ऑगस्टला आली, २०२६ची १४ सप्टेंबरला. म्हणजे एका वर्षी ऑगस्ट भरगच्च, दुसऱ्या वर्षी त्याचे शेवटचे पाच दिवस शॉपफ्लोअरवर फक्त पंखे. सत्तरी तालुक्यातला ऑपरेटर गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान बघायला दोन दिवस आधीच गेलेला, आणि ‘दीड दिवसाचाच गणपती’ म्हणून रजा घेतलेला माणूस सातव्या दिवशी उगवतो. तरीही दर वर्षी हजेरीपट बघून मॅनेजमेंटने थक्क व्हायचं असतं. आमचे एक साहेब मला म्हणाले होते, ‘हे आधी कळवायला काय झालं?’ त्यांच्या पाठीमागे कालनिर्णय लटकत होतं.

अधिक मास तर मनातही आणू नका. २०२६ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. त्या काळात लग्नं नाहीत, म्हणजे मंडपवाले खुर्च्या घेणार नाहीत, जी काही लग्नं आहेत ती आधी उरकणार. हे माझ्या आईने पोळ्या लाटता लाटता सांगितलं असतं. पण आईकडे डॅशबोर्ड नाही, तेव्हा तिचा अंदाज धरता येत नाही. तसंच आमच्या वाड्यावरच्या पदेराचं, म्हणजे पाववाल्याचं. सकाळी सायकलवर पों पों करत येतो. कुठल्या घरी किती पाव, चवथीला कुठल्या घराला कुलूप लागतं आणि कुठल्या मूळघरात चौदा माणसं जमतात, सगळं तोंडपाठ. टोपलीत दुपारपर्यंत पाव उरलेला मी कधी पाहिला नाही. अशा माणसाला बैठकीला बोलावण्याची चूक करू नका.

यानंतर प्रत्येक खात्याला वेगळं बक्षीस लावा. या एका उपायात बाकीचे सगळे उपाय येतात. आमच्याकडे खरेदीला दर किलोमागे वाचवलेल्या पैशावर शाबासकी होती, प्रॉडक्शनला दिवसाच्या टनांवर, आणि सेल्सला महिन्याच्या रुपयांवर. एका जुलैत खरेदीला रिसायकल केलेले काळे दाणे फार स्वस्तात मिळाले. तीन गाड्या आल्या. आता रंगाचं असं आहे की पांढऱ्यावरून काळ्यावर जाणं सोपं. काळ्यावरून पांढऱ्यावर यायचं तर मशीनचा बॅरल धुवून काढावा लागतो, पर्जिंग, म्हणजे नवा माल ढकलून जुना रंग बाहेर काढणं, करत बसावं लागतं, आणि तरी पहिल्या कित्येक खुर्च्या करड्या, पाठीवर काळी रेघ घेऊन बाहेर पडतात. तेवढा वेळ टन शून्य. म्हणून प्रॉडक्शनने काळा रंग एकदा चढवला तो उतरवलाच नाही. नऊ दिवस, तिन्ही पाळ्या, साचा न बदलता. बोर्डावर कार्यक्षमतेचा आकडा इतका वर गेला की पात्रांवांनी त्याचा फोटो काढला.

अकरा हजार काळ्या खुर्च्या. गोदाम भरलं, मग कँटीनमागची शेड भरली, मग उरलेल्या ताडपत्रीखाली अंगणात. पावसात ताडपत्री फडफडायची आणि खालून खुर्च्यांचे पाय दिसायचे, देवळाबाहेर रांगेत उभ्या माणसांसारखे. रोज सकाळी सिक्युरिटीवाला ताडपत्रीवरचं पाणी बांबूने ढकलून द्यायचा. त्याच महिन्यात किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांनी सीझनसाठी पांढऱ्या मागितल्या. उन्हात काळ्या खुर्चीवर उघड्या मांड्यांनी बसून बघा, का ते कळेल. सेल्सचा पोरगा फोनवर दिवसभर एकच वाक्य बोलत होता: ‘पांढरी संपली, काळी चालेल?’

हे सगळं निस्तरायला महिन्याची शेवटची तारीख असतेच. पंचवीस तारखेपर्यंत शांत बसा. मग डीलरांना फोन लावा: आज उचल, पैसे साठ दिवसांनी दे, नाही खपलं तर परत घेतो. तीस तारखेला रात्री अकरापर्यंत गाड्या भरा. सेल्सचा महिना साजरा होतो आणि पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला त्याच खुर्च्या, थोड्या खरचटून, चोर्ला घाट चढून-उतरून परत येतात. पावसात घाट अवजड गाड्यांना बंद झाला तर उत्तम, परतावा त्या महिन्यात दाखवावा लागत नाही.

आता बैठक. ती दर महिन्याला घ्याच, पण तिच्यात काही ठरू देऊ नका. पहिला तास गेल्या महिन्यात कुणाचं चुकलं यावर जाऊ द्या. पुढचे तीन महिने, सहा महिने हा विषय निघाला की चहा आणि मिरची भजी आली पाहिजेत. मी एकदा सरळ प्रश्न टाकला होता: मशीन चार आहेत, सप्टेंबरात मागणी साडेपाच मशीनची आहे, तर कुठल्या डीलरला नाही म्हणायचं? खोलीत तो प्रश्न नको तेवढा स्पष्ट ऐकू आला. सेल्सचे साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाला नाही म्हणायची आपली संस्कृती नाही. प्रॉडक्शनचे म्हणाले, माणसं द्या, करून देतो. खरेदीवाले मोबाइलवर दाण्याचा भाव बघत होते. शेवटी सगळ्यांनी पात्रांवांकडे पाहिलं. त्यांनी भजं संपवलं, बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाले, ‘पळोवया.’ म्हणजे, बघू या.

मी मिनिट्समध्ये लिहिलं, ‘विषय विचाराधीन.’

काळ्या खुर्च्यांवर मात्र निर्णय झाला. साठ खुर्च्या गावच्या देवस्थानाला द्यायच्या, फोटो काढायचा. समितीचे भाऊ स्वतः आले, एक खुर्ची उलटी करून पाय तपासले, दोनदा बसून पाहिलं. खूश होते. निघताना सेल्सच्या पोराला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, ‘बाबा, जत्रेला पांढऱ्या असत्या तर शोभल्या असत्या. पन्नासेक जमतील?’

दुसऱ्या दिवशी फोरकास्टमध्ये नवी ओळ आली होती. देवस्थान, पांढऱ्या, पाचशे.