तरोट्याच्या मुळावर एक तरी गाठ दाखवा

चार दिवसांपासून ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला. "सोयाबीनमधला तरोटा (टाकळा) निंदू नका, तो शेंगवर्गीय म्हणजे सोयाबीनचा सख्खा भाऊ, शेंगा येणाऱ्या सगळ्या झाडांच्या मुळांवर गाठी असतात, हवेतलं नत्र फुकटात भेटते, शेवगा, चिंच, बाभूळ सगळे त्यातलेच." मी सोडून दिलं असतं, पण काल आमच्या बाबानं तो वाचून निंदणाऱ्या बायांना सांगून दिलं की तरोटा राहू द्या. ३५ दिवसांचं सोयाबीन आहे अन् तरोटा त्याच्या डोक्यावर चाललाय!

बाबासमोरच दोन्ही झाडं खुरप्यानं मातीसकट काढली अन् बादलीत धुतली. सोयाबीनच्या मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, एक नखानं फोडली तर आत लालसर, म्हणजे हवेतलं नत्र धरणारे जिवाणू त्यात काम करून राहिले. तरोट्याचं सोटमूळ लांबच लांब, पण गाठ एकही नाही. चार झाडं अजून उपटली, तेच. आपल्या वावरातच दोष असेल असं बाबा म्हणाले, तर तसं नाही, तरोट्याला गाठी येतच नाहीत, बहाव्यालाही नाही. तरोटा नत्र घेतो ते तुमच्याच जमिनीतलं, तुम्ही टाकलेल्या खतातलं.

आता सख्ख्या भावाचं. तरोटा शेंगवर्गीय कुळातला आहे हे खरं, मान्य. पण या कुळात साडेएकोणीस हजारांच्या आसपास जाती आहेत, एवढ्या मोठ्या खटल्यात सगळेच सख्खे कसे होतील? २०१७ मध्ये जगभरातल्या अभ्यासकांनी मिळून 'टॅक्सॉन' या नियतकालिकात या कुळाची नव्यानं मांडणी केली, ३,६९६ जातींचा डीएनए ताडून. पुस्तकात आपण तीन उपकुळं शिकलो होतो, ती सहा झाली. सोयाबीन, तूर, हरभरा, भुईमूग, अन् पळससुद्धा एका उपकुळात. तरोटा दुसऱ्यात, बाभळीसोबत. बाभळीचं आधी वेगळं उपकुळ होतं, पण ती शाखा तरोट्याच्या गटातूनच फुटलेली निघाली म्हणून त्यातच घेतली. म्हणजे तरोटा सोयाबीनपेक्षा बाभळीच्या जवळचा. अन् त्यातही बाभळीला गाठी येतात, तरोट्याला नाही, मग नुसतं कुळ पाहून नत्र कसं ठरवता?

चिंच आणि आपटा आणखी वेगवेगळ्या दोन उपकुळांत, गाठी दोघांनाही नाहीत. शेवगा तर या कुळातलाच नाही, नुसती शेंग लांब आहे, नातं मोहरी-पपईकडचं.

तरोटा उपटून कंपोस्टमध्ये टाका, कोवळ्या पाल्याची भाजी करा, आम्हीही खातो. पण उभ्या सोयाबीनमध्ये ठेवू नका, पहिला दीड महिना तणाचा मार सगळ्यात जास्त बसते. बाबानं रात्रीच बायांना फोन केला, उद्या सकाळी आठला येतात, खालच्या धुऱ्याकडून सुरुवात आहे कारण तिकडचा तरोटा फुलावर यायला लागलाय.